विडीच्या धुराने टीबीचा जंतू मरतो म्हणे!

'धूम्रपानबंदी : एक थोतांड' अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश चवथीपासून गोव्यात डिचोली-सांखळीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. भजनी मंडळाच्या गटावर आला, वाड्यावरच्या गटावर आला, शेवटी आमच्या घरच्या गटावरही कुणीतरी 'नक्की वाचा' म्हणून टाकला. खाली सही 'एक अनुभवी डॉक्टर'. नाव नाही, गाव नाही, रुग्णालय नाही.

म्हणणं असं: विडी-सिगरेटच्या धुराने छातीतले जंतू मरतात. ओढणाऱ्यांना कोविड होत नाही हे फ्रान्समध्ये सिद्ध झालं. टीबी जंतूमुळे होतो, विडीमुळे नाही, म्हणून टीबीच्या रुग्णाने विडी सोडायची गरज नाही. परदेशात बंदी आली तेव्हा लोक घरात ओढू लागले आणि मुलांचे न्यूमोनिया वाढले. चुलीचा धूर चालतो, मग विडीचाच का नाही? गोव्यात कायदा येऊन पंचवीस वर्षं झाली, काय फरक पडला? आणि आमचे आजोबा विडी ओढत नव्वद वर्षं जगले.

असले संदेश मी एरवी वाचतही नाही, पुसून टाकते. हा पुसून भागलं नाही. माझे मामा टीबीच्या गोळ्या घेताहेत. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा त्यांनी विडी सोडली होती, म्हणजे मामीने सोडायला लावली होती. परवा मामीचा फोन: "तुजो मामा परत विडी ओडूंक लागला गो. म्हणटा, दोतोरानूच बरयलां." म्हणजे, डॉक्टरनेच लिहिलंय. तो दोतोर म्हणजे हा 'अनुभवी डॉक्टर'.

तेव्हा टीबीचा मुद्दा आधी. बाकीचे नंतर, जमेल तसे.

टीबी जंतूमुळे होतो. हो, होतो. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्येच तो जंतू दाखवला. विडीच्या धुरातून तो जंतू येत नाही, हेही खरं. तो येतो खोकणाऱ्या रुग्णाकडून, हवेतून. संदेश इथेच थांबला असता तर मी काही लिहिलं नसतं. पण खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. टीबीचा जंतू अंगात शिरलेल्या शंभरातल्या नव्वद-पंचाण्णव जणांना आयुष्यात कधीच टीबी होत नाही. जंतू आत पडून राहतो आणि शरीर त्याला दाबून ठेवतं. मग उरलेल्या पाच-दहा जणांनाच तो का होतो? अर्धपोटी राहणं, मधुमेह, एचआयव्ही, दारू ही त्याची ठाऊक असलेली कारणं. आणि त्यांच्याच रांगेत तंबाखूचा धूर.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. २००३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. तो अमेरिका-युरोपातला नाही, तामिळनाडूतला आहे. चेन्नई शहर आणि विलुप्पुरम जिल्ह्याचा ग्रामीण भाग. व्ही. गजलक्ष्मी, ऑक्सफर्डचे रिचर्ड पेटो आणि त्यांचे सहकारी यांनी सुमारे ४३ हजार मृत पुरुषांची माहिती घेतली. गेलेला माणूस कशाने गेला, विडी-सिगरेट ओढायचा का, हे त्याच्या घरच्यांना विचारलं. आणि मग सुमारे ३५ हजार जिवंत पुरुषांशी तुलना केली. टीबीने मरण्याचं प्रमाण ओढणाऱ्यांत शहरात साडेचार पट निघालं, खेड्यात चार पटींहून थोडं अधिक. काही टक्के जास्त असं नव्हे, चार पट! गरीब माणूस विडीही जास्त ओढतो आणि त्याला टीबीही जास्त होतो, म्हणून आकडा फुगला असेल, अशी शंका कुणालाही येईल. त्यांनाही आली होती, म्हणून वय आणि शिक्षण यांचा फरक जमेस धरूनच हे आकडे काढले आहेत.

आणि हो, 'सिगरेट वाईट, विडी आपली देशी, पानाची' असं म्हणणाऱ्यांसाठी: तिथल्या खेड्यांत ओढली जात होती ती मुख्यतः विडीच.

त्या अभ्यासाचा निष्कर्ष मामांना मी फोनवर दोनदा वाचून दाखवला. भारतातल्या पुरुषांच्या टीबीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्यांमागे धूम्रपान आहे. वर्षाला अंदाजे दोन लाख माणसं. ही माणसं 'जंतूमुळेच' मेली, अगदी बरोबर. विडी नसती तर त्यातल्या बऱ्याच जणांना त्या जंतूने काही केलं नसतं.

आता त्यातलं सर्वात घातक वाक्य: 'टीबीच्या रुग्णाने विडी सोडायची गरज नाही.' हे ज्याने लिहिलं त्याला टीबीच्या दवाखान्यातल्या बाकावर आठवडाभर बसवायला हवं. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, त्या चुकवायच्या नाहीत, पोटात नीट जेवण जायला हवं म्हणून सरकार महिन्याला १००० रुपये देतं, आणि त्याच छातीत रोज धूर भरायचा? उपचार पुरे झाल्यावर रोग उलटण्याचं प्रमाण ओढणाऱ्यांत जास्त असतं, हे दक्षिण भारतातल्याच रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. म्हणून तर २०१७ मध्ये केंद्राने टीबीचा आणि तंबाखू नियंत्रणाचा कार्यक्रम एकमेकांना जोडला: टीबीच्या प्रत्येक रुग्णाला तंबाखूबद्दल विचारायचं आणि सोडायला मदत करायची. गोळ्या देणाऱ्या ताईंना सांगितलं तर त्या रागावत नाहीत. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी फुकट फोन आहे, तोही मी मामींच्या कॅलेंडरवर लिहायला लावला आहे. मामा ऐकतील की नाही, देव जाणे. पण आता त्यांना 'दोतोरान सांगलां' असं म्हणता येणार नाही.

'धुराने जंतू मरतात' ही कल्पना नवी नाही. १६६५ साली लंडनमध्ये प्लेग आला तेव्हा ईटन शाळेतल्या मुलांना रोज सकाळी तंबाखू ओढायला लावत. एकाने ओढली नाही म्हणून त्याने फटके खाल्ल्याचीही नोंद आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी जंतू म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, त्यांना माफ आहे. आपल्या श्वासनलिकेला आतून बारीक लव असते. ती सारखी हलत असते आणि कफात अडकलेली धूळ, जंतू वर ढकलत राहते. छातीची ही केरसुणीच धुराने लुळी पडते. सकाळी उठल्यावर ओढणाऱ्याला जो खोकला येतो, 'छाती साफ होते' असं तो अभिमानाने सांगतो, तो रात्रभर साचलेला कफ असतो. न्यूमोनियाचा जो जंतू फुफ्फुसातून रक्तात शिरतो, त्याच्या रुग्णांवर अमेरिका-कॅनडात एक अभ्यास झाला. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो २००० मध्ये छापून आला. म्हातारे आणि प्रतिकारशक्ती खचलेले वगळून बाकीच्या माणसांत सर्वात मोठा धोका सिगरेटचा ठरला, चौपट. स्वतः न ओढता दुसऱ्याचा धूर घेणाऱ्यांतही अडीच पट. धुराने मेले ते बहुतेक कुठलेतरी दुसरे जंतू असतील.

फ्रान्सचं मात्र सरसकट खोटं म्हणता येत नाही, नाइलाजाने कबूल करते. एप्रिल २०२० मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या रुग्णालयाने कोविडच्या रुग्णांची मोजदाद केली तेव्हा रोज ओढणारे ५ टक्क्यांच्या आसपास निघाले. फ्रान्सच्या लोकसंख्येत ते पाव हिस्सा. निकोटीन विषाणूला अडवत असेल असा एक तर्क पुढे आला आणि बातमी जगभर गेली. लोक औषधांच्या दुकानांतून निकोटीनच्या पट्ट्या उचलतील या भीतीने फ्रान्स सरकारला त्यांच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली. संदेशवाल्याने इथपर्यंतची बातमी वाचली आणि पुढे पाच वर्षं वर्तमानपत्र उघडलं नाही!

पुढे काय झालं? ओढणाऱ्यांना कोविड कमी होतो असं दाखवणारा मेक्सिकोच्या रुग्णांवरचा एक निबंध २०२१ मध्ये 'युरोपियन रेस्पिरेटरी जर्नल'ने मागे घेतला, कारण दोघा लेखकांचे तंबाखू उद्योगाशी असलेले संबंध लपवले होते. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या चार लाखांवर लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ओढणारे कोविडने रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा ८० टक्क्यांनी जास्त होतं. आणि फ्रान्समध्येच कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांना खरोखर निकोटीनच्या पट्ट्या लावून पाहिल्या. काही फायदा झाला नाही. मग ते ५ टक्के कुठून आले? धापा टाकत आलेल्या माणसाला कोण विचारत बसतं, आणि जो आठवडाभर आजारी आहे तो 'सोडली' म्हणून मोकळा होतो. 'फ्रान्समध्ये सिद्ध झालं' म्हणतात ते हे.

बंदीनंतर न्यूमोनिया वाढला हा मुद्दा तर सरळ उलटा आहे. इंग्लंडमध्ये जुलै २००७ पासून बंद जागांत धूम्रपानाला मनाई झाली. नंतर मुलांच्या श्वसनमार्गाच्या संसर्गासाठी रुग्णालयात भरती होण्याचे आकडे पाहिले, तर वर्षाला सुमारे ११ हजार भरत्या कमी झाल्याचा अंदाज निघाला. आता यात एक खोच आहे, ती मीच सांगते: त्याच्या जेमतेम वर्षभर आधी तिथे मुलांना न्यूमोनियाविरोधी लस सुरू झाली होती, तेव्हा सगळं श्रेय कायद्याला द्यायला मी तयार नाही. पण २०१७ मध्ये वेगवेगळ्या देशांतले असे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही अशा कायद्यांनंतर मुलांच्या फुफ्फुसांच्या संसर्गासाठी रुग्णालयात येणं सुमारे १८ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. वाढलेलं नाही, घटलेलं. लोक बाहेर ओढायला मिळत नाही म्हणून घरात मुलांच्या तोंडावर धूर सोडू लागले, ही भीती कायद्याआधी अनेकांना होती. ती खरी ठरली नाही. उलट घरातही अंगणात जाऊन ओढायची सवय लागली.

आणि मुलांचं काय होतं तेही एकदा कळू दे. २००४ या एका वर्षात जगात दुसऱ्याच्या धुरामुळे गेलेल्यांपैकी १ लाख ६५ हजार ही फुफ्फुसांच्या संसर्गाने दगावलेली लहान मुलं होती, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्येच २०११ मध्ये आला होता. मामांकडे दोन नातवंडं आहेत. संदेश त्यांच्याबद्दल काही बोलत नाही.

चुलीचा धूर? तोही वाईट, तोही मुलांना न्यूमोनिया देतो. म्हणून विडी चांगली कशी झाली?

आजोबांचं काय सांगायचं! नव्वदीला पोचलेले आजोबा भिंतीवरच्या फोटोत असतात, पन्नाशीत गेलेल्यांची आठवण काढायला फारसं कुणी उरत नाही. पुढे.

शेवटी गोव्याचा कायदा. इथे संदेशवाल्याला थोडं झुकतं माप द्यावं लागेल, आणि तेच मला जास्त झोंबतं. देशाचा तंबाखू कायदा २००३ चा. त्याच्या आधीच, १९९७ मध्ये, गोवा विधानसभेने धूम्रपान आणि थुंकण्याला बंदी करणारा स्वतःचा कायदा केला. त्यामागे कर्करोगाचे शल्यचिकित्सक डॉ. शरद वैद्य यांची धडपड होती. तंबाखू पोर्तुगिजांबरोबर या किनाऱ्यावर उतरली, आणि तिला आवर घालणाऱ्या पहिल्या काही राज्यांत गोवा होता, एवढं तरी आपण सांगू शकतो. 'काय फरक पडला' म्हणणाऱ्याने २०१६-१७ ची राष्ट्रीय पाहणी पाहावी. तंबाखू कुठल्याही रूपात घेणारे प्रौढ देशात २८.६ टक्के, गोव्यात ९.७. सगळ्या राज्यांत सर्वात कमी. मात्र त्याआधीच्या, २००९-१० च्या पाहणीत गोव्याचा आकडा ८.८ होता. म्हणजे मधल्या काळात तो खाली आला नाही. सगळा पराक्रम कायद्याचाच, असं मीही म्हणणार नाही. इथे तंबाखू खाण्याची सवय मुळातच कमी असावी.

अंमलबजावणीची बोंब आहे, हे तर किनाऱ्यावर फिरणारा कुणीही सांगेल. २००८ च्या नियमांनुसार तीस किंवा जास्त माणसं बसतील अशा खानावळीला ओढणाऱ्यांसाठी वेगळी जागा करता येते. पण ती कशी? छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार, धूर थेट बाहेर टाकणारा पंखा. कळंगुट-बागाच्या बाजूला टेबलावर ॲशट्रे ठेवला की झाली वेगळी जागा. पलीकडच्या टेबलावर तान्हं पोर असतं आणि ताटं उचलणारा पोरगा तर रात्री उशिरापर्यंत त्याच धुरात. दंड फार तर २०० रुपये, म्हणजे तिथल्या एका कॉकटेलच्या निम्मासुद्धा नाही. कायदा निकामी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी शॅकवाल्याला, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळवाल्याला, ती भिंत आणि ते दार दाखवायला सांगावं. आणि दाखवता आलं नाही तर तक्रार शॅकवाल्याची करावी, कायद्याची नव्हे.