लाल दिवा, हळदीचे दूध आणि फुप्फुसातली गाठ

माझ्या मामांची केमोची दुसरी तारीख गेल्या महिन्यात चुकली. चुकली म्हणजे त्यांनी आणि मामींनी मिळून ती पुढे ढकलली, आणि घरातल्या कोणालाही ते तीन आठवडे कळू दिले नाही. कारण होते मामींच्या भजनी मंडळाच्या गटावर आलेला एक संदेश. तो मलाही आतापर्यंत चार ठिकाणांहून येऊन पोहोचला आहे, म्हणून त्यातला दावा आधी थोडक्यात सांगतो. फुप्फुसाच्या कर्करोगाची गाठ प्रकाशाने एकाच बैठकीत विरघळते. अमेरिकेने १९९८ मध्येच याला मान्यता दिली, पण केमोचा धंदा बुडेल म्हणून आपल्याकडे ते दडवून ठेवले आहे. याचे दुष्परिणाम शून्य. रोग कितीही पसरलेला असला तरी चालते. या शोधाला १९०३ मध्ये नोबेल मिळाले. आणि ज्यांना इंजेक्शन परवडत नाही त्यांनी रात्री हळदीचे दूध पिऊन छातीवर वीस मिनिटे लाल दिवा धरावा, गुण तोच येतो.

मी डॉक्टर नाही, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. परंतु या संदेशातला सर्वांत घातक भाग वैद्यकाच्याही आधी भौतिकशास्त्रातच कोसळतो, म्हणून लिहितो आहे.

आधी जे खरे आहे ते मान्य करतो, कारण त्या खऱ्याच्या आधारावरच बाकीचे सगळे उभे केले आहे. फोटोडायनॅमिक थेरपी नावाचा उपचार अस्तित्वात आहे. त्यात प्रकाशाला संवेदनशील असलेले एक औषध शिरेतून देतात. ते शरीरभर पसरते आणि निरोगी पेशींच्या मानाने गाठीत अधिक टिकून राहते. मग दुर्बिणीतून श्वासनलिकेत एक बारीक प्रकाशतंतू नेऊन गाठीवर ठरावीक रंगाचा लेसर प्रकाश टाकतात. औषध तो प्रकाश शोषते, ती ऊर्जा पेशीतल्या ऑक्सिजनला देते, आणि त्यातून तयार होणारा अतिक्रियाशील ऑक्सिजन आसपासच्या पेशी मारतो. हा ऑक्सिजन इतका अल्पजीवी असतो की पेशीच्या रुंदीइतकेही अंतर तो ओलांडत नाही. म्हणजे औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन ही तिन्ही एकाच जागी, एकाच वेळी हजर असली तरच काम होते. नुसता प्रकाश काहीही करत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये फुप्फुसासाठी पॉर्फिमर सोडियम या औषधाला मान्यता दिली, हेही खरे. पण कोणासाठी दिली, ते त्या औषधाच्या मान्यताप्राप्त माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले आहे आणि ते कोणालाही वाचता येते. एक, श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरातच असलेल्या अगदी सुरुवातीच्या कर्करोगासाठी, जेव्हा शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही योग्य नसतात. दोन, गाठीने श्वासनलिका अंशतः किंवा पूर्ण बुजली असेल तर ती मोकळी करून रुग्णाचा त्रास कमी करण्यासाठी. या दुसऱ्या उपयोगात रोग बरा करण्याचा दावाच नाही. टोकियोतल्या डॉक्टरांनी १९८०च्या सुमारास फुप्फुसासाठी हा उपचार सुरू केला आणि जपानने २००३ मध्ये आणखी एका औषधाला मान्यता दिली. चाळीसहून अधिक वर्षे ज्याबद्दल उघडपणे लिहिले जात आहे, ते दडवलेले कसे म्हणायचे?

आता लाल दिव्याकडे येतो. मामींनी तो ऑनलाइन मागवला होता. रात्री नऊला हळदीचे दूध, मग मामा सदरा काढून पलंगावर आडवे, मामी घड्याळाकडे बघत दिवा धरून उभ्या, असे तीन आठवडे चालले. मी गेलो तेव्हा मामांच्या छातीवर उजव्या बाजूला शेकून लाल झालेला बशीएवढा चट्टा होता. मामींना वाटत होते की डॉक्टरांनी सांगितलेलेच आपण घरी करतो आहोत, कारण पहिल्या भेटीत त्यांनी ‘पुढे गरज पडली तर लाइट द्यावी लागेल’ असे शब्द ऐकले होते. आपल्याकडे रेडिएशनला रुग्ण आणि नातेवाईक सर्रास ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. रेडिएशनचे किरण क्ष-किरणांच्या जातीचे असतात, ते छातीतून आरपार जातात. दिव्याचा लाल प्रकाश जात नाही. या एका शब्दामुळे एक समंजस बाई फसली, आणि संदेश लिहिणाऱ्याने नेमका तोच शब्द मथळ्यात वापरला आहे.

संदेशात ‘पुरावा’ म्हणून सांगितले आहे की टॉर्च तळहाताखाली धरा, बोटे लाल दिसतील, म्हणजे लाल प्रकाश शरीरातून आरपार जातो. मी त्याच रात्री खोलीतले दिवे बंद करून हा प्रयोग मामा-मामींसमोर केला. बोटांच्या कडा लालभडक दिसल्या. मग मी मामांना विचारले की बोटातले हाड दिसते का. दिसत नव्हते, कारण प्रकाश सरळ जात नाही, मांसात शिरल्याबरोबर तो सगळीकडे विखुरतो आणि वाटेत शोषला जातो. नंतर तोच टॉर्च त्यांच्या छातीवर घट्ट दाबून धरला आणि मामींना पाठीकडून बघायला सांगितले. पाठ पूर्ण काळोखात होती. मामींनी दोनदा खात्री करून घेतली.

पॉर्फिमरसाठी वापरतात तो ६३० नॅनोमीटरचा लाल लेसर, थेट गाठीला भिडवून धरला, तरी साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर खोलीपर्यंतच पेशी मारू शकतो. म्हणून तर प्रकाशतंतू श्वासनलिकेच्या आत न्यावा लागतो. बाहेरून आलेल्या प्रकाशाच्या वाटेत त्वचा, चरबी, स्नायू आणि बरगड्या असतात. त्यांच्यापलीकडचे फुप्फुस म्हणजे हवेच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या, आणि हवा व पेशी यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश पुन्हा विखुरतो. मामांची गाठ फुप्फुसाच्या बाहेरच्या कडेला आहे. अशा गाठींपर्यंत बारीक तंतू पोहोचवण्याचे संशोधन चालू आहे, परंतु ते रुग्णालयात चालते, पलंगावर दिवा धरून नव्हे.

हळदीबद्दलही अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. हळदीतले कर्क्युमिन प्रयोगशाळेत, काचेच्या भांड्यातल्या पेशींवर, प्रकाशासोबत वापरले तर पेशी मारते. पण कोणत्या प्रकाशासोबत? हळद आपल्याला पिवळी दिसते याचे कारणच हे की ती जांभळा-निळा प्रकाश शोषते आणि उरलेला परत पाठवते. कर्क्युमिनचे शोषण सुमारे ४२५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते, लाल प्रकाश ते जवळजवळ शोषतच नाही. म्हणजे संदेशाने सांगितलेली हळद आणि लाल दिवा ही जोडी एकमेकांच्या उपयोगाची नाही. बरे, निळा दिवा घ्यावा तर निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षाही उथळ थांबतो. शिवाय दुधातून प्यायलेल्या हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे रक्तात येते, आणि येते तेही यकृत लगेच बदलून टाकते. हळदीचे दूध मामांनी आवडत असेल तर जरूर प्यावे, पण केमो चालू असताना तेही डॉक्टरांच्या कानावर घालून.

‘दुष्परिणाम शून्य’ हे वाक्य मला सर्वांत बेजबाबदार वाटते, कारण उद्या कोणी खरोखरच हा उपचार घेणारा रुग्ण त्यावर विश्वास ठेवून उन्हात जाईल. पॉर्फिमर त्वचेतही साठते. त्यामुळे इंजेक्शननंतर किमान तीस दिवस, काहींना त्याहून अधिक, त्वचा आणि डोळे ऊन व प्रखर दिव्यांपासून जपावे लागतात, नाहीतर त्वचा भाजते, सुजते, फोड येतात. सनस्क्रीन लावून भागत नाही, कारण ते अतिनील किरण अडवते आणि हे औषध डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेच जागे होते. दंतवैद्याच्या खुर्चीवरचा दिवासुद्धा अशा रुग्णाला टाळावा लागतो. त्याच वेळी पूर्ण अंधारात बसून राहणेही चुकीचे, कारण घरातल्या मंद प्रकाशाने त्वचेतले औषध हळूहळू निकामी होत जाते. फुप्फुसात मेलेल्या पेशी आणि चिकट स्राव साचून श्वास अडू शकतो. गाठ मोठ्या रक्तवाहिनीत शिरलेली असेल तर जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून अशा रुग्णांना हा उपचार देतच नाहीत.

‘एकाच बैठकीत’ हेही खोटे. इंजेक्शननंतर चाळीस ते पन्नास तासांनी प्रकाश देतात, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पुन्हा दुर्बीण घालून मेलेला भाग काढावा लागतो, आणि गरज पडल्यास सगळे पुन्हा करावे लागते. रोग पसरलेला असेल तर जिथे तंतू पोहोचतो तेवढ्याच जागेवर परिणाम होतो, यकृतातल्या किंवा हाडातल्या गाठीला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि १९०३ चे नोबेल नील्स फिन्सेन यांना मिळाले ते प्रामुख्याने त्वचेच्या क्षयावरच्या प्रकाशोपचारासाठी, फुप्फुसाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध नाही.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना सरळ विचारावे की गाठ मोठ्या श्वासनलिकेच्या आत आहे की फुप्फुसाच्या कडेला, किती खोल आहे, आणि हा उपचार इथे लागू पडतो का. मामांच्या डॉक्टरांना मी तेच विचारले. त्यांनी सीटी स्कॅनवर पेनाचे टोक ठेवून गाठ दाखवली, जवळच्या श्वासनलिकेपासूनचे अंतर दाखवले आणि ‘नाही’ म्हणाले. मामी शेजारी बसल्या होत्या. त्यांनी केमोची नवी तारीख स्वतःच्या हाताने वहीत लिहून घेतली.