हद्द हरवलेला बगळा

तीस वर्षं मी जमिनीच्या नकाशांवर रेघा ओढल्या. गोव्यात दोन भाटांमधली, म्हणजे बागायतींमधली, रेघ केसभर सरकली तर पुढच्या दोन पिढ्या कोर्टात जातात, त्यामुळे हात न थरथरता ०.२ मिलिमीटरच्या पेनाने हद्द आखणं एवढी एकच कला मला येते. निवृत्तीनंतर फोंड्यात जलरंगाचा क्लास लावला, तर शिक्षिका पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, कडा हरवू द्या."

"कुणाच्या?"

"बगळ्याच्या."

मी घरून आणलेल्या बगळ्याचं पीसन् पीस मोजून घ्यावं असं होतं. तिने ते बराच वेळ पाहिलं आणि "मेहनत खूप आहे," म्हणाली. वधूपरीक्षेत 'मुलगी स्वभावाने चांगली आहे' म्हणतात, त्या सुरात. मग माझा शून्य नंबरचा ब्रश काढून घेऊन तिने हातात बारा नंबरचा दिला. एवढ्या ब्रशने आम्ही चतुर्थीला दारं रंगवतो. "मनगटातून नाही, खांद्यातून रंगवा. आणि डोळे किलकिले करून बघा, बारीकसारीक दिसायचं बंद होतं." मोतीबिंदू काढून मला जेमतेम दोन महिने झाले होते. बारीकसारीक दिसावं म्हणूनच पैसे मोजले होते!

पुढचा धक्का म्हणजे बगळा रंगवायचाच नसतो. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. भोवतालचा चिखल, झाडी रंगवायची आणि मधे पक्षी सोडून द्यायचा. कुंपण नाही, खुणेचा दगड नाही, नुसती मोकळी जागा. गोव्यात अशी जागा सोडली तर सकाळपर्यंत तिथे कुणाचा तरी गाडा उभा राहतो. माझ्या कागदावरही तेच झालं. आषाढ होता, ३०० जीएसएमचा जाड कागद हवेतलंच पाणी पीत बसला होता. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, सुकलाय समजून मी ओला ब्रश टेकवला आणि कडेचा रंग फुलत फुलत सगळा बगळा गिळून बसला. याला चित्रकार फुलकोबी म्हणतात, हे मला नंतर कळलं. बायकोला आधीच कळलं असावं. "आज भाजी काढलीत?" तिने विचारलं.

डिसेंबरात क्लास चोडण बेटावर गेला. रायबंदरहून फेरी, पलीकडे उतरलं की सलीम अली अभयारण्य. पावणेदोन चौरस किलोमीटरची खारफुटी. (मापाचं मला तोंडपाठ असतं, नाइलाज आहे.) ओहोटी होती. चिखलात बगळा एका पायावर असा निश्चल, की मला वाटलं, हा आपल्या खात्यातला. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना तपकिरी मिसळून चिखलाचा राखाडी केला, डोळे किलकिले केले, मान कुठून सुरू करावी हे ठरवतोय तोच त्याने पंख पसरले.

मी घाबरलो. घाबरल्यावर मनगट आपोआप विसरतं. खांद्यातून दोन फटकारे बसले, राखाडी खारफुटीच्या हिरव्यात वाहत गेला, डावा पंख कुठे संपला आणि आभाळ कुठून लागलं ते माझं मलाच कळेना. शिक्षिका मागे येऊन उभी राहिली. आता ही मेहनतीबद्दल बोलणार, म्हणून मी मान खाली घातली.

"काका," ती हळूच म्हणाली, "आता याला हात लावायचा नाही. शपथ घ्या."

घेतली. परतीच्या फेरीत चित्र मांडीवर होतं. शेजारच्या मासळीवाल्या बाईने वाकून पाहिलं आणि "बगळो मरें?" असं स्वतःहून ओळखलं. मी तिच्याकडून गरज नसताना पाच बांगडे घेतले.

चित्र हॉलमध्ये लावलं. रात्री दोनला जाग आली. डावीकडची हद्द उघडी आहे, एवढंच डोक्यात. उठलो, ०.२ चं पेन काढलं, म्हटलं फक्त चोच. चोचीला डोळा हवा. डोळा आला म्हणजे मान, आणि मान बंद केली की पंख उघडा ठेवणं बरं दिसत नाही...

सकाळी बायको चहाचा कप घेऊन बराच वेळ चित्रापुढे उभी होती.

"छान बसलाय," ती म्हणाली. "सर्व्हे नंबर तेवढा घालायचा राहिला."