हनोईत एक अख्खा दिवस मुलांना द्या

मुंबईहून थेट विमानं सुरू झाल्यापासून आपल्याकडची कितीतरी कुटुंबं व्हिएतनामला जातायत. लहान मुलं बरोबर असतील तर माझं एवढं ऐका, हनोईतला एक दिवस 'हा लाँग बे' या उपसागराच्या धावत्या सहलीत घालवू नका. 'हा लाँग'चा समुद्र देखणा आहे, वादच नाही. पण जायला अडीच तास, यायला अडीच तास. चार वर्षांच्या पोराच्या वाट्याला त्यातली गाडीची सीटच जास्त येते. तिथे जायचं तर रात्रीचा मुक्काम करा. सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणणं हा मुलांवर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही तो दिवस म्युझियम ऑफ एथ्नॉलॉजीला दिला. मी, नवरा, दोन्ही मुलं आणि सासूबाई. १९९७ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात व्हिएतनाममधल्या ५४ समाजांचं रोजचं जगणं मांडलंय. आत एक सायकल आहे, मासे पकडायच्या बांबूच्या शेकडो सापळ्यांनी लादलेली. चाकं सोडली तर सायकल दिसतच नाही. धाकटा तिथून हलेना.

खरी मजा मात्र मागच्या बागेत आहे. तिथे वेगवेगळ्या समाजांची खरीखुरी घरं उभी आहेत, त्या त्या समाजाच्या कारागिरांनी बांधलेली. चपला काढायच्या, शिडी चढायची, आत जायचं. "हात लावू नकोस" म्हणत मागे धावावं लागत नाही. बाहनार लोकांच्या सामुदायिक घराचं उंच, निमुळतं छप्पर बघताना मुलांच्या माना दुखल्या. एडे लोकांचं घर चाळीस मीटरहून लांब! पोरांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावून घेतलं. एडे समाजात लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो आणि लेकीचं लग्न झालं की घर तेवढं पुढे वाढवतात. हे वाचून दाखवल्यावर थोरली आजीला म्हणाली, "आजी, मग मला कुठेच जायला नको ना?" सासूबाई मनापासून म्हणाल्या, "नको गं बाई." मला ते फार आवडलं.

ज्याराय लोकांच्या थडग्याभोवती लाकडी पुतळे आहेत, गर्भार बायकांचे, उघड्या अंगाचे. मुलांना घेऊन तिथून वळसा घालू नका. मुलं सरळ विचारतात, आपणही सरळ सांगावं.

बागेतल्या तळ्यात पाण्यातल्या बाहुल्यांचे खेळ होतात, वेळा आत शिरतानाच विचारून घ्या. लाल नदीच्या खोऱ्यातल्या भातशेतीत जन्मलेली ही कला. कलाकार पडद्यामागे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बाहुल्या नाचवतात. भाषेचं अडत नाही, ड्रॅगन पाणी उडवतो तेवढं पुरे होतं.

दुपारी हॉटेलवर येऊन सगळ्यांनी झोपायचं, यात तडजोड नको. शाकाहारी असाल तर 'chay' (उच्चार 'चाय', पण अर्थ चहा नव्हे, शाकाहारी) अशी पाटी असलेली जागा शोधा, एरवी भाजीतसुद्धा फिश सॉस असतो.

संध्याकाळी होआन कीम तळं. २०१६ पासून शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात. एरवी स्कूटरींच्या लोंढ्यातून पोरांचा हात घट्ट धरून, न थबकता, एका संथ चालीने पलीकडे जावं लागतं. त्याच रस्त्यावर त्या संध्याकाळी पोरं दोरीच्या उड्या मारत होती. बॅडमिंटनसारखं फूल पायाने उडवायच्या खेळात तिथल्या मुलांनी आमच्या थोरलीला लगेच ओढून घेतलं. तिकीट नाही, रांग नाही, आणि राजधानीचा ऐन मध्यभाग! आपल्या शहरांतही दर शनिवार-रविवारी मुलांसाठी असे रस्ते बंद व्हायला हवेत, हे मला तिथे फार तीव्रतेने वाटलं. एखाद्या रविवारी सकाळी दोन तास उपक्रम म्हणून नव्हे, कायमचे.

म्हणून हनोईचा मुक्काम शनिवारी येईल अशी तिकिटं काढा. संग्रहालय सोमवारी बंद असतं.