पायात चाळ बांधणारीला तालमीचेही पैसे द्या

सांगलीत एक नृत्याचा कार्यक्रम बसतो आहे आणि त्यावरून माझ्या माहेरच्या गोतावळ्यात दोन तट पडले आहेत. कार्यक्रम जेमतेम सव्वा तासाचा. त्यात जतकडचा धनगरांचा गजी ढोलाचा संघ आहे, एका शाळेची लेझीम खेळणारी पोरं आहेत, कथकच्या क्लासच्या मुली आहेत, बँकेतून आणि एसटीतून निवृत्त झालेली काही माणसं आहेत, आणि उभं आयुष्य ढोलकीच्या फडात काढलेल्या एक लावणी कलावंत आहेत. प्रत्येकानं आपला आयटम करून विंगेत जायचं, असा हा प्रकार नाही. सगळ्यांनी मिळून एकच प्रयोग उभा करायचा आहे. तो बसवणारी मुलगी सांगलीचीच, पुण्यात नृत्य शिकून परत आलेली.

पहिली ठिणगी पडली ती लावणीवरून. "आमच्या मुली त्या बाईंच्या शेजारी उभ्या राहणार नाहीत," असं दोन-तीन पालकांनी सांगितलं. ते शमतंय तोवर पैशाचा विषय निघाला: गावच्याच कार्यक्रमात गावच्याच माणसांना मानधन कशाला? मग जाणकार मंडळी म्हणाली की हौशी लोक घेतले की दर्जा जातोच, त्यापेक्षा चार चांगले कलाकार बाहेरून बोलवा. मी जर्मनीत, वुपरटाल नावाच्या गावात राहते. नृत्याच्या बाबतीत या गावानं जे पाहिलंय ते या वादाला थेट लागू पडतं, म्हणून लिहिते आहे.

आधी त्या पालकांबद्दल. सांगली स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते आणि तो मान तिचा आहेच. १८४३ साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो. नऊवारी नेसून उभ्या राहणाऱ्या बालगंधर्वांना पलूस तालुक्यातलं नागठाणे आजही आपलं म्हणतं. पण याच मातीतला दुसरा वारसा आपण तितक्या मोठ्यानं सांगत नाही. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी घरदार सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या लावण्या पवळाबाईंनी गाजवल्या, आणि त्या दोघांना एकत्र पाहून समाजानं काय काय ऐकवलं तेही सर्वांना ठाऊक आहे. तमाशातली गाजलेली जोडी काळू-बाळू तर सांगलीला खेटून असलेल्या कवलापूरचे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर काही काळ बंदीही घातली होती. बंदी उठली, पण नाक मुरडणं राहिलं.

आणि तरीही शाळेच्या गॅदरिंगमध्ये लावणी असतेच. सहावीतल्या मुली सिनेमातल्या लावणीवर नाचतात, आई-वडील पुढच्या रांगेत उभे राहून व्हिडिओ काढतात. म्हणजे आक्षेप लावणीला नाही. ज्या घरांनी, ज्या जातींनी ती पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी जगवली, त्या घरातल्या बाईला आहे. हे स्पष्ट बोललं पाहिजे, कारण मुलींना हे न सांगताही कळतं, आणि जे त्या शिकतात ते फार वाईट असतं.

वुपरटाल हे कापडगिरण्यांवर वाढलेलं गाव. नदीच्या वर लोखंडी कमानींना लटकलेली रेल्वे १९०१ पासून धावते, एवढीच त्याची पूर्वी ओळख होती. १९७३ साली नृत्यदिग्दर्शिका पीना बाउश यांनी इथल्या नाट्यगृहाच्या नृत्यविभागाची सूत्रं घेतली. पहिली काही वर्षं लोक प्रयोग अर्धा टाकून, दारं आपटून निघून जायचे. हे काय नृत्य आहे, आमच्या पैशानं हे चालणार का, अशी भाषा होती. आज त्याच बाईंचं नाव सांगितल्याशिवाय या गावाची ओळख पुरी होत नाही. त्यांनी १९७८ मध्ये 'कोंटाक्टहोफ' हा प्रयोग आपल्या व्यावसायिक नर्तकांना घेऊन केला होता. २००० मध्ये तोच त्यांनी गावातल्या पासष्टीच्या पुढच्या सामान्य बायका-पुरुषांकडून करवून घेतला, आणि २००८ मध्ये इथल्या शाळांतल्या किशोरवयीन मुला-मुलींकडून. ज्यांनी कधी रंगमंचावर पाऊल ठेवलं नव्हतं अशी ही माणसं.

दर्जा जातो म्हणणाऱ्यांनी इथं थांबून पाहावं. त्या लोकांसाठी प्रयोग सोपा केला नव्हता. हौशी आहेत म्हणून हालचाली गाळल्या नाहीत. बदलली ती तालीम. मुलांची तालीम जवळपास वर्षभर चालली, आणि शिकवायला होते ते हाच प्रयोग स्वतः अनेकदा केलेले नर्तक. बर्लिनमध्येही २००३ साली रॉयस्टन माल्डूम या नृत्यदिग्दर्शकानं अडीचशे शाळकरी मुलांना स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर उभं केलं. वादनाला सायमन रॅटल यांच्या हाताखालचा बर्लिन फिलहार्मोनिक, जगातल्या पहिल्या दर्जाचा वाद्यवृंद. मुलं मात्र अशा वस्त्यांतली, ज्यांना हे संगीत कधी कानावरही पडलं नव्हतं. "मुलं आहेत, चालायचंच" ही सवलत माल्डूम यांनी त्यांना कधी दिली नाही. आपल्याकडे हौशी कलाकाराला हीच सवलत प्रेमानं दिली जाते, आणि दर्जा घसरतो तो तिथून.

डिसेंबरात मी सांगलीला गेले होते तेव्हा या कार्यक्रमाची तालीम पाहिली. शाळेचा हॉल, खिडक्यांना जाळ्या, कोपऱ्यात रचून ठेवलेले बाक. लावणीच्या बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आधी घोट्यांना जुन्या सुती साडीचं फडकं गुंडाळलं, ते हातानं दाबून नीट बसवलं, मग घुंगरांचे चाळ. एकेक पदर ओढून गाठ घट्ट करायला त्यांना बराच वेळ लागला आणि त्या वेळात त्या कुणाशी बोलल्या नाहीत. चाळ बांधून झाल्यावर जमिनीला हात लावून कपाळाला नेला आणि उठल्या. समोर एसटीतून निवृत्त झालेले एक काका होते, त्यांचा पाय प्रत्येक वेळी उशिरा पडत होता. बाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "काका, टाच आधी टाका. पंजा मागनं येतोय बघा आपोआप." काकांनी चार-पाच वेळा केलं आणि जमलं. ज्यांच्या शेजारी उभं राहण्याला हरकत होती, त्याच बाईंपाशी मग कथकच्या दोन मुली टाच विचारायला आल्या.

अडचण खरी होती ती वेगळीच. कथकच्या मुली सोळा मात्रांत मोजतात. गजी खेळणारे मोजत नाहीत, ढोल ऐकतात. ढोल्यानं थाप बदलली की रिंगण वळतं, आणि ती कधी बदलायची हे ढोल्या खेळणाऱ्यांच्या पायांकडे बघून ठरवतो. बसवणाऱ्या मुलीनं आधी ढोल्यांना आवर्तनं ठरवून द्यायचा प्रयत्न केला. संघातले एक म्हातारे पटका सारखा करत म्हणाले, "ताई, मोजून वाजवला तर ढोल पळत न्हाई." मग तिनं उलटं केलं: मोजणं बंद, मुलींनी ढोलाकडे कान द्यायचा. सुरुवातीला मुली गोंधळल्या, एक तर रडवेली झाली. पण तासाभरानं त्या वळायला लागल्या, आणि वळताना एकमेकींकडे बघायला लागल्या. मला त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं काम हे वाटलं. ते एका तालमीत होत नाही आणि फुकटही होत नाही.

आता पैसा. आईच्या मैत्रिणीनं मला विचारलं, "अगं, आम्हीपण घरचं सगळं आवरून येतोच की. मग तिलाच पैसे का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला झटकून टाकू नये. माझं उत्तर असं की या काकूंची पेन्शन तालमीच्या दिवशीही चालू असते. बाईंची सुपारी, म्हणजे दुसरीकडचा ठरलेला कार्यक्रम, त्या दिवशी बुडते. आपल्याकडे प्रयोगाच्या रात्रीची बिदागी ठरते, तालमी मात्र 'आपलाच कार्यक्रम आहे' म्हणून गृहीत धरल्या जातात. जिचं पोट यावर आहे तिला पहिल्या तालमीपासून पैसे मिळाले पाहिजेत, आणि ते आधी ठरले पाहिजेत. जाहिरातीच्या फलकावर तिचं नाव 'स्थानिक कलाकार' या दोन शब्दांत बुडवू नये, ठळक छापावं.

जर्मनीत यासाठी व्यवस्था आहे. १९८३ पासून इथं स्वतंत्र काम करणाऱ्या कलावंतांसाठी सामाजिक विमा आहे. आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाचा निम्मा हप्ता कलावंत भरतो, उरलेल्यातला मोठा वाटा त्यांच्या कलेचा उपयोग करणाऱ्या संस्था-कंपन्यांकडून घेतला जातो आणि बाकीचा सरकार देतं. नर्तकीला कुणी काम दिलं की त्या कामावरची ही आकारणी काम देणाऱ्याच्या माथी पडते. आपल्याकडे महाराष्ट्र सरकार ज्येष्ठ कलावंतांना महिना ५,००० रुपये मानधन देतं, ते हवंच. पण ते पाय थकल्यावरचं. पाय चालू असताना घोटा मुरगळला तर काय, याला आपल्याकडे उत्तर नाही.

मात्र इथली पद्धत उचलून तिथं ठेवता येणार नाही, आणि परदेशातून सल्ले देणाऱ्यांनी (यात आम्ही सगळे येतो) एवढं ध्यानात घ्यायला हवं. वुपरटालमध्ये जो हौशी नाचायला येतो त्याला वर्षाला पाच-सहा आठवड्यांची पगारी रजा असते. आजारी पडला तर पगार सुरू असतो. त्याची हौस त्याला परवडते. जतचा गजी खेळणारा माणूसही हौशीच आहे, नाचणं हा त्याचा धंदा नाही, तो धनगरांच्या देवासाठी, बिरोबासाठी खेळतो. पण तालमीला यायचं तर त्याची दिवसाची हजेरी, म्हणजे मजुरी जाते, वर सांगलीपर्यंतचं एसटीचं भाडं. हौशी आणि व्यावसायिक अशी जी रेघ इथं सरळ मारता येते, ती आपल्याकडे मध्येच तुटते. म्हणून माझं म्हणणं, हौशींमध्येही ज्यांचा रोजगार बुडतो त्यांना हजेरी आणि भाडं द्या. पेन्शनवाल्यांनी आणि बँकेतल्यांनी आनंदानं फुकट यावं. त्यात कुणाचा अपमान नाही.

पैसा येणार कुठून, हा प्रश्न मला पटत नाही. मंडळं वर्गणीतून एका मिरवणुकीच्या डॉल्बीवर जे उधळतात ते सांगलीकरांना मी सांगायला नको.

आणि जे इथं जर्मनीत नाही तेही सांगते. इथल्या हौशी नाचणाऱ्यांच्या एका गटात मीही जाते. माणसं चांगली आहेत, जीव लावून करतात. पण सुरुवातीचे कितीतरी आठवडे नुसतं एकत्र पाऊल पडायला लागतात. अंगात ताल मुरलेला नसतो, कारण नाचायचं निमित्त आयुष्यात फारसं येत नाही. ऱ्हाइन नदीकाठच्या कार्निव्हलचे दिवस सोडले तर रस्त्यावर कुणी नाचत नाही. नगरपालिकेचं अनुदान संपलं की गटही संपतो. सांगली-साताऱ्यात हलगीची पहिली थाप पडली की चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा खांदा हलवतो. लेझीम आपण शाळेच्या मैदानावर शिकलो, कवायतीसारखी, घाम गाळत. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात ढोल वाजतो तेव्हा कुणी प्रेक्षक शोधत नाही. एवढी तयार माणसं जगातल्या कुठल्याही नृत्यदिग्दर्शकाला आयती मिळत नाहीत.

आता तारखेचं. प्रयोग जानेवारीत करावा असं घाटतंय, कारण तेव्हा आम्ही परदेशातले लोक सुट्टीवर येतो आणि देणग्याही मिळतात. माझा याला विरोध आहे आणि मी तो कळवलाही आहे. जानेवारीत जत-आटपाडीचे बरेचसे धनगर मेंढरं घेऊन लांब गेलेले असतात. तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून सुरू होतो, म्हणजे बाईंना जत्रांच्या सुपाऱ्या सोडून यावं लागणार. पावसाळ्यात मात्र मेंढरं घरी असतात, आणि फड बंद असल्यानं बाईंच्या हातात काम नसतं. तालमीचे पैसे त्यांना तेव्हाच सगळ्यात उपयोगी पडतील. कृष्णेच्या पाण्याची धास्ती जुलै-ऑगस्टला असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत तालमी उंचावरच्या शाळेत घ्याव्यात आणि प्रयोग गणपती उठल्यावर, घटस्थापनेच्या आत करावा. पितृपक्ष म्हणून कुणी कुरकुरेल, पण नाट्यगृह मोकळं मिळेल आणि तासगावकडच्या द्राक्षबागांच्या छाटण्या ऐन भरात यायच्या आधी तिकडची माणसंही बघायला येऊ शकतील. आम्हाला तेव्हा रजा मिळाली तर येऊ. नाही मिळाली तर देणगी पाठवू.