दोन हजार पेपर नावावर आहेत, म्हणून औषध लागू पडतं?

२०२० च्या मार्चपासून एक युक्तिवाद फिरतोय आणि काही केल्या तो मरत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या जुन्या औषधाचा विषय निघाला की कुणीतरी तो हमखास पुढे करतं. शब्द बदलतात, सांगाडा तोच. फ्रान्समधल्या मार्सेचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ दिदिये राउल्त यांच्या नावावर दोन हजारांहून जास्त शोधनिबंध आहेत, सायटेशन (दुसऱ्यांच्या पेपरांतले उल्लेख) लाखाच्या वर आहेत, त्यांवरूनच काढलेला एच-इंडेक्स दीडशेच्या पुढे आहे. असा माणूस हे औषध कोविडवर चालतं म्हणतो, त्याचा पेपर इतर तज्ज्ञांकडून समीक्षा होऊन जर्नलमध्ये छापून येतो, आणि त्याच्यावर बोट कोण ठेवतं, तर ज्यांचं नावही कुणी ऐकलेलं नाही असे लोक. मग खरं कोण, ते तुम्हीच ठरवा!

ठरवू या. पण आधी हे मान्य करतो की आकडे खोटे नाहीत आणि राउल्त यांचं कामही पोकळ नाही. व्हिपल्स या आतड्यांच्या दुर्मिळ आजाराचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवणं वर्षानुवर्षं कुणाला साधत नव्हतं, ते त्यांच्या गटाने २००० साली करून दाखवलं. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसेल एवढा मोठा मिमिव्हायरस २००३ मध्ये जगासमोर आणणाऱ्यांत ते होते. त्यामुळे ‘तो माणूसच भोंदू’ म्हणून हात झटकणाऱ्यांशीही माझं जमत नाही. माझं भांडण फक्त ‘म्हणून’ या शब्दाशी आहे. आकडे मोठे, म्हणून औषध खरं. हे ‘म्हणून’ आलं कुठून?

“दोन हजार शोधनिबंध म्हणजे आयुष्यभराची तपश्चर्या.”

साधा भागाकार करा. चाळीस वर्षांत दोन हजार म्हणजे वर्षाला पन्नास, आठवड्याला जवळपास एक. रुग्णांवरच्या एका नीटस अभ्यासाला नैतिक समितीची परवानगी लागते, नमुने गोळा करावे लागतात, आकडेमोड, लेखन, समीक्षकांच्या शंकांना उत्तरं, सगळं आलं. हे दर आठवड्याला एक माणूस करू शकत नाही आणि करतही नाही. जैववैद्यकात सहसा पहिलं नाव हात काळे करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं. संस्था मोठी असली की त्या छपराखाली होणाऱ्या कितीतरी कामांवर प्रमुखाचं नाव चढतं. कधी त्याने खरंच दिशा दिलेली असते, कधी नुसतीच खुर्ची. यादीकडे बघून यातलं काहीच कळत नाही.

जॉन इओआनिडिस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये एक मोजणी मांडली. २००० ते २०१६ या काळात एखाद्या तरी वर्षी ७२ हून जास्त पेपरांवर, म्हणजे पाच दिवसांना एक या वेगाने, ज्यांचं नाव आलं अशी माणसं नऊ हजारांच्या वर निघाली. त्यांतले बहुतेक भौतिकशास्त्राच्या अवाढव्य प्रयोगांतले होते. वैद्यकशास्त्रही मागे नाही. शस्त्रक्रिया आणि कोविड यांवरच्या २०२१ च्या एका पेपराला १५,०२५ लेखक होते. एवढ्या रुग्णालयांनी मिळून काम केलं हे चांगलंच झालं. पण प्रत्येकाच्या यादीत तो ‘एक पेपर’ म्हणूनच जमा होतो, पंधरा हजारावा हिस्सा म्हणून नाही.

“लाखभर सायटेशन म्हणजे लाखभर शास्त्रज्ञांचा पाठिंबा.”

सायटेशन म्हणजे उल्लेख. तो कौतुकाने होतो, सवयीने होतो, प्रस्तावनेतली जागा भरायलाही होतो आणि ‘हे चुकलं आहे’ असं सांगायलाही होतो. मोजणाऱ्या यंत्राला यातला फरक कळत नाही, त्याच्या लेखी सगळे एकच.

‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक उल्लेख झालेल्या शंभर पेपरांची यादी काढली होती. पहिला आला ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा पेपर, तीन लाखांहून जास्त उल्लेखांचा. विषय काय, तर द्रावणातलं प्रथिन किती ते मोजायची रीत. रोज लागणारी गोष्ट, त्यामुळे रोज उल्लेख. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा पेपर पहिल्या शंभरातसुद्धा नव्हता.

दुसऱ्या टोकाला अँड्र्यू वेकफिल्ड. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला, बारा मुलांवरचा, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लशीचा संबंध ऑटिझमशी सुचवणारा पेपर. २०१० मध्ये जर्नलने तो मागे घेतला. त्याचेही उल्लेख ढीगभर आहेत आणि बहुतेक तो खोडण्यासाठीच आहेत.

आणि खुद्द राउल्त यांचा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा पेपर? त्याचे उल्लेख तीन हजारांच्या पुढे गेले. त्यांत तो पडताळून बघणारे आहेत, फाडून काढणारेही आहेत. पण लेखकाच्या खात्यावर बेरीजच होते, वजाबाकीची सोयच नाही. म्हणजे ज्या पेपराच्या बचावासाठी सायटेशनचा आकडा पुढे केला जातो, त्याच पेपरावरच्या टीकेनेही तो आकडा फुगलेला आहे.

“एच-इंडेक्स तरी खोटा नाही ना?”

खोटा नाही, पण तो सांगतो फार थोडं. पेपर उल्लेखांच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा उल्लेख आहेत ४०, २२, ९, ५, ४, १. पहिल्या चार पेपरांना प्रत्येकी निदान चार उल्लेख आहेत, पाचव्याला पाच नाहीत. एच-इंडेक्स चार. झालं, एवढंच गणित. हजार-हजार उल्लेखांचे तीनच पेपर लिहिणाऱ्याचा एच-इंडेक्स तीन, म्हणजे वरच्यापेक्षा कमी! शिवाय हा आकडा घटत नाही. माणूस निवृत्त झाला तरी चढतो, वारला तरी चढतो. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो सुचवला आणि २०२० मध्ये त्यानेच लिहिलं की याचे गंभीर, मनात नसलेले दुष्परिणाम झाले आहेत.

कातालिन कारिको यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९९५ मध्ये पदावरून खाली आणलं होतं. त्यांच्या २००५ च्या ज्या पेपरावर पुढे कोविडवरच्या एमआरएनए लशी उभ्या राहिल्या, त्याची छापून आल्यावर फारशी कुणी दखल घेतली नाही. २०२३ मध्ये नोबेल मिळालं. २००६ साली कुणी नुसते आकडे बघून निर्णय घेतला असता तर त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नसतं.

“पण पेपर समीक्षा होऊन छापून आलाय.”

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. एवढ्या वर्षांत मला हा युक्तिवाद ऐकवणाऱ्यांपैकी एकानेही तो पेपर उघडलेला नव्हता. फार लांब नाही, चहा निवायच्या आत वाचून होतो.

‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ अँटिमायक्रोबियल एजंट्स’कडे तो १६ मार्च २०२० ला गेला आणि १७ मार्चला स्वीकारला गेला. एका दिवसात. जर्नलचे मुख्य संपादक स्वतः पेपराच्या लेखकांपैकी एक होते. नियमाप्रमाणे त्यांनी निर्णयात भाग घेतला नसेलही. तरी ‘समीक्षा झाली’ हे शब्द उच्चारताना तो एक दिवस आणि ते एक नाव डोळ्यांसमोर असू द्या.

आत ३६ रुग्ण आहेत. वीस जणांना औषध, सोळा जणांना नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत. औषध न मिळालेल्यांत दुसऱ्या केंद्रांवरचे रुग्ण आहेत आणि ज्यांनी औषध नाकारलं तेही आहेत. यश कसं मोजलं? सहाव्या दिवशी नाकातल्या नमुन्यात विषाणू सापडतो की नाही यावर. रुग्ण बरा झाला का, वाचला का, यावर नाही. निकाल असा की औषधाच्या गटात वीसपैकी चौदा निगेटिव्ह, म्हणजे ७० टक्के, आणि दुसऱ्या गटात सोळापैकी दोन, म्हणजे साडेबारा टक्के. दणदणीत!

मात्र औषध सुरू केलेले रुग्ण वीस नव्हते, सव्वीस होते. सहा जण हिशेबातून गळले. पेपरातच लिहिलंय, लपवलेलं नाही. तिघांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. एक वारला. एक रुग्णालय सोडून गेला. एकाला मळमळ होऊ लागली म्हणून औषध थांबवलं. यांचे सहाव्या दिवसाचे नमुने नाहीत, म्हणून ते मोजणीत नाहीत. म्हणजे तब्येत बिघडलेले पाचही जण तक्त्याबाहेर. या सहाही जणांना अपयशात धरलं तर सव्वीसपैकी चौदा, सुमारे ५४ टक्के. आणि जो वारला त्याचा नमुना आदल्या दिवशी निगेटिव्ह होता. पेपराच्या मापाने बघितलं तर तो रुग्ण ‘यशस्वी’ झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत मागे जाऊन वाचलं होतं.

ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून १५६१ रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं गेलं, ३१५५ जणांना नेहमीचे उपचार. २८ दिवसांत औषधाच्या गटातले २७ टक्के दगावले, दुसऱ्या गटातले २५ टक्के. फायदा दिसला नाही. इथे मोजली ती माणसं जगली की गेली हे, नाकातला नमुना नाही.

“टीका करणारे कोण? नाव तरी ऐकलंय का?”

एलिझाबेथ बिक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी मार्च २०२० मध्येच त्या सहा रुग्णांबद्दल आणि एका दिवसाच्या समीक्षेबद्दल जाहीर प्रश्न विचारले. पुढच्या वर्षी राउल्त यांच्या बाजूने बिक यांच्याविरुद्ध सरकारी वकिलांकडे तक्रार झाली. सहा रुग्णांचं काय, हे तसंच राहिलं.

डिसेंबर २०२४ मध्ये जर्नलने तो पेपर मागे घेतला. कारणांत नैतिक समितीची परवानगी मिळण्याआधीच रुग्ण घेतले गेले का, ही शंका होती आणि संशोधनाच्या पद्धतीवरचे आक्षेपही होते. काही लेखकांना हा निर्णय मान्य नव्हता. पण तीन सहलेखकांनी निकालांच्या मांडणीबद्दल आणि अर्थ लावण्याबद्दल शंका घेऊन आपलं नाव या पेपराशी जोडलेलं नको, असं कळवलं होतं. पेपराच्या पहिल्या पानावर छापलेली तीन नावं. ती कुणी ऐकलेली नव्हती, हे मात्र खरं.