होडी उचलणाऱ्या लिफ्टला उचलणार कोण?

वर्षातून दोन दिवस असे येतात की होडी विकून टाकावी आणि नदीकडे पाठ करून गप बसावं असं वाटतं. एक दिवस गणपतीनंतरचा, लिफ्ट नदीत घालायचा. दुसरा मेच्या शेवटी ती बाहेर काढायचा, म्हणजे कालचा.

लिफ्ट म्हणजे बिल्डिंगची नव्हे हो, दरवेळी हे सांगावं लागतं. लोखंडी चौकट, चार पाय नदीच्या तळाला टेकलेले, मध्ये पाळणा आणि बाजूला हातानं फिरवायचं विंच. होडी पाळण्यावर आणायची, चाक फिरवायचं, होडी पाण्याच्या वर. नाहीतर आमच्या गोव्यातल्या शापोरा नदीच्या खाऱ्या पाण्यात बुडाला कालवं बसतात आणि मग खरवडत बसा बोटं कापून घेत.

आयडिया व्हिडिओत बघितलेली, अमेरिकेतल्या तळ्यांवरची. तिथे हिवाळ्यात तळं गोठतं, बर्फानं लिफ्टचे पाय वाकतात, म्हणून लोक थंडीआधी ती बाहेर काढतात. आमच्याकडे बर्फ नाही पण पावसात नदी लालभडक होऊन येते आणि सोबत ओंडके, झापं, कधी अख्खं झाड, ते लिफ्टला अडकलं की संपलंच. फरक एवढाच की त्यांची लिफ्ट ॲल्युमिनियमची, खाली चाकं लावायची, दोघं जण ढकलत नेतात. माझी वेल्डरनं एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची केली. "भाऊ, घट्ट पायजे मा?" घट्ट! बिलात स्टील ३४० किलो. त्यात आपल्याकडे उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी दोन मीटरपर्यंत वरखाली होतं म्हणून पाय लांब ठेवावे लागले, तेही वजन माझ्याच डोक्यावर. चाकं? "ती मागाहून लावू." तीन वर्षं झाली.

हायड्रा क्रेन बोलवा म्हणतात शहाणे लोक. बोलावला होता. आमच्या चोपडे गावातल्या त्या गल्लीच्या तोंडाला आला, वर वायरी बघितल्या, बाजूचे माड बघितले आणि तसाच रिव्हर्स गेला, यायचे पैसे मात्र घेऊन. आणि या आठवड्यात त्याला कामाची कमी नाही, १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद, ज्याला त्याला आपली होडी वर काढायची घाई.

मग राहतो भरतीचा मार्ग. सुकतीला, म्हणजे पाणी उतरलेलं असताना, चार कोपऱ्यांना २०० लिटरची निळी पिंपं बांधायची, भरती आली की पिंपं लिफ्टला घेऊन वर येतात, तरंगती लिफ्ट दोरीनं रँपवर ओढून आणायची, ओहोटी लागली की ती तिथेच बसते, पुढे चेन ब्लॉकनं, म्हणजे साखळीच्या कप्पीनं, वर ओढायची. हिशेब सोपा आहे, एक पिंप दीडशे-पावणेदोनशे किलो सहज उचलतं, चार पिंपांना ३४० किलो म्हणजे काहीच नाही. फक्त पाय चिखलात रुतलेले असतात आणि चिखल सोडत नाही, ते पहारीनं हलवावे लागतात. आणि हे सगळं उधाणालाच, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी तेवढं चढतच नाही. म्हणून अमावास्या धरली होती.

पाच जण "येतो रे" म्हणाले होते. पहाटे साडेपाचला गुडघाभर चिखलात मी, भाचा आणि शेजारचे काका, ज्यांचा गुडघा आधीच गेलेला. बाकीच्यांतले दोघे दुपारी उगवले, हुर्राकाची, म्हणजे काजूच्या दारूची, बाटली कुठाय विचारायला.

आणि पिंपं! चुलतभावाकडून आणलेली. "एकदम टाइट आहेत" म्हणाला. अकराच्या सुमारास पाणी भरलं, लिफ्ट हलली, काका ओरडले "आली आली!" आणि चौथ्या पिंपातनं बुडबुडे. बूचच नाही! प्लास्टिकची पिशवी कोंबून वर रबर लावलेलं! ते पिंप भरलं, तो कोपरा खाली गेला, बाकीची तीन पिंपं वर खेचतायत, लिफ्ट कलंडली आणि विंचचं हँडल भाच्याच्या बरगडीत. थोडक्यात वाचलं पोर. बहीण माझ्याशी बोलत नाहीये ते वेगळंच.

चुलतभावाला फोन केला तर म्हणतो, "अरे ते पाणी साठवायचं पिंप, आडवं कशाला घातलंस?"

काय बोलायचं सांगा.

मग ओहोटी लागली आणि लिफ्ट जिथे होती तिथेच बसली, आता आडवी, दोन पाय रँपवर आणि दोन चिखलात. रस्त्यावरनं जाणारा प्रत्येक जण थांबतो, कमरेवर हात ठेवतो आणि "असं करायला पाहिजे होतं" म्हणतो. दोरीला हात लावायला एक नाही. एकानं तर फोटो काढला.

आज परत प्रयत्न. भरती रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते, म्हणजे आज पाणी ऐन जेवणाच्या वेळेला भरणार, आणि आमच्या गावात शीतकढीच्या ताटावरनं माणूस उठवायचा म्हणजे ३४० किलो लोखंड परवडलं. बूच मात्र नवीन आणलंय, म्हापशाहून, चारही पिंपांना.