बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली का?

घरी बिअर करणाऱ्यांत एक सल्ला सतत फिरतो: "एअरलॉकचे (भांड्याच्या झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीचे) बुडबुडे थांबले की बिअर तयार. आठवड्यात गोडी उतरली नाही तर यीस्ट मेलं, शॅम्पेन यीस्ट टाका. तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका." बार्लीवाइनसारख्या कडक बिअरला हा सल्ला धोक्याचा आहे. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं बेकायदा आहे. हे लिहिलंय ते ब्रिटन-अमेरिकेसारख्या, मुभा असलेल्या ठिकाणच्यांसाठी.)

आधी बुडबुडे. झाकण जरा सैल असलं की वायू फटीतून निघतो आणि एअरलॉक गप्प दिसतो. उलट खोली तापली तर पूर्ण आंबलेली बिअरही विरघळलेला वायू सोडत बुडबुडते. खरं काय ते हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारी काचेची नळी, सांगतो. पाण्याची घनता १.०००; साखर आंबत जाते तसा बिअरचा आकडा उतरतो. समजा, १.१०० ने सुरू झालेली बिअर १.०३० वर असताना बाटल्यांत भरली आणि आत ती १.०२४ पर्यंत उतरली. घनतेचा एक अंक (०.००१) उतरला की बिअरच्या आकारमानाच्या सुमारे अर्धा पट वायू होतो. सहा अंकांचा तीन पट झाला, वर तुम्ही घातलेल्या साखरेचा दोन पट. अशी बाटली फुटते, आणि काच डोळ्यात जाऊ शकते.

मोजताना नमुना हलवून वायू काढा आणि हायड्रोमीटरला गिरकी द्या. काचेला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात, आकडा खोटा येतो.

यीस्ट मेलं? बहुधा नाही. ते सोपी साखर आणि माल्टोज ही माल्टमधली साखर आधी खातं, माल्टोट्रायोज ही पचायला जड साखर शेवटी. तोवर त्याच्या भोवती आठ-नऊ टक्के अल्कोहोल साचलेलं असतं. शेवटच्या दहा अंकांना दोन आठवडे लागणं अगदी स्वाभाविक आहे. खरी चूक पहिल्याच दिवशी होते: २० लिटरला ११.५ ग्रॅमचं एकच पाकीट. तीन पाकिटं लागतात, आणि यीस्ट घालण्याआधी भरपूर ऑक्सिजन. पहिले चार दिवस १८ अंश ठेवा, मग २१ पर्यंत चढवा.

बिअर कुठे थांबणार हे आधीच कळू शकतं. पहिल्या दिवशी २०० मिली वर्ट (माल्टचा न आंबलेला गोड रस) वेगळा काढा, त्यात चमचाभर यीस्ट घाला, २५ अंशांवर ठेवून अधूनमधून हलवा. तीन-चार दिवसांत तो जिथे स्थिरावतो, साधारण तिथेच तुमची बिअर येईल.

शॅम्पेन यीस्टबद्दल एवढंच की बहुतेक वाइन यीस्टना माल्टोट्रायोज पचत नाही, आणि उरलेली असते ती नेमकी तीच. बिअर खरोखर अडकली असेल, तर बिअरचंच यीस्ट लिटरभर वर्टमध्ये जागवा आणि फेस ऐन जोरात असताना ओता. कोरडं यीस्ट थेट टाकलं तर त्या अल्कोहोलमध्ये तग धरत नाही.

गाळाची भीती मोठ्या कारखान्यांतून आली. तिथे उंच टाक्यांत यीस्टवर प्रचंड दाब आणि उष्णता असते. घरच्या भांड्यात चार आठवडे काही बिघडत नाही. उलट कोवळ्या बिअरचा हिरव्या सफरचंदासारखा वास यीस्टच शोषून घेतं. ऑस्ट्रियात सामिक्लाउस ही १४ टक्क्यांची बिअर वर्षातून एकदा, ६ डिसेंबरला करतात आणि सुमारे दहा महिने मुरू देतात.

चौदाव्या दिवसापासून तीन-तीन दिवसांनी मोजा, तेही भांड्याच्या नळातून नमुना काढून. झाकण उघडलंत की हवा शिरते आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. आकडा तीनदा तोच आणि वेगळ्या काढलेल्या वर्टच्या आकड्याजवळ आला, की मगच बाटल्या. काही महिने मुरवलेल्या बिअरमध्ये बाटल्या भरताना सगळ्या २० लिटरला मिळून २-३ ग्रॅम ताजं यीस्ट घाला, कारण जुनं थकलेलं असतं आणि फेस धरत नाही.